बस्तावाली मावशी दवाखान्यात भाव करते

मला भांडखोर म्हणणारे सुरतेच्या गोडादऱ्यात पुष्कळ आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांच्या मुलींच्या लग्नाचा बस्ता मीच बांधून दिला आहे, आणि तेव्हा माझं भांडण त्यांना गोड लागत होतं. दुकानदाराशी भांडले तर हुशार, त्यांच्याशी भांडले तर भांडखोर, असा हा न्याय. या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा" म्हणून निरोप पाठवला, तेव्हा मी आधी विचारलं, किती पानं? त्यांनी सांगितली त्याहून दोन जास्त मागून घेतली. सवय आहे.

बस्ता म्हणजे काय, हे खानदेशात कोणाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. लग्नाला लागणारं सगळं कापड एकदम घेतात, तो बस्ता. नवरीचा शालू, तिच्या आईची साडी, वरमाईची त्याहून थोडी भारी साडी, आत्या-मावश्यांच्या मानाच्या साड्या, पुरुषांना टोपी-टॉवेल आणि शर्टपीस. नंदुरबार, धुळे, अमळनेरकडची माणसं हा बस्ता बांधायला सुरतेला येतात. पहाटेच्या गाडीने उतरतात, माझ्याकडे चहा-पोहे खातात आणि मग मी त्यांना रिंग रोडच्या मार्केटात नेते. कोणत्या गल्लीत कोणता माल खरा, कोणता दुकानदार वरून चांगली आणि खालून विटकी साडी देतो, हे मला माहीत. भाव मी करते. त्याबद्दल ते मला देतात आणि दुकानदारही देतो. दोघांनाही वाटतं की मी त्यांच्या बाजूची आहे.

मी काही हा धंदा शिकून आले नव्हते. लग्न करून सुरतेला आले तेव्हा नवरा लूम्सवर होता आणि मी घरी बसून साड्यांचे धागे कापत होते, चमकीच्या टिक्या चिकटवत होते. ज्या साडीवर मी टिकी चिकटवली, ती दुकानात काय भावाने जाते हे एकदा बघितलं, आणि त्या दिवशी जो राग आला तो अजून उतरलेला नाही. त्या रागावरच घर बांधलं.

भाव करण्याचे नियम फार नाहीत. आवडलेल्या वस्तूकडे दोनदा बघायचं नाही. सौदा ठरेपर्यंत दुकानदाराचा चहा प्यायचा नाही. आणि तिसरा नियम सगळ्यात अवघड, उठायची वेळ. भाव जमत नसला की उठून चालायला लागायचं असतं. लवकर उठलं तर दुकानदार हाक मारत नाही, कारण त्याने अजून तेवढी मेहनत घेतलेली नसते. उशिरा उठलं तर त्याला कळलेलं असतं की ही घेणारच आहे. मधला जो क्षण आहे तो पकडता आला पाहिजे. शिरपूरकडचे एक वरबाप मला म्हणाले, "मावशी, आज मी भाव करतो, तुम्ही बसा." ते पहिल्याच वाक्याला उठले. दुकानदाराने त्यांच्या चपला सरळ करून दिल्या आणि "फरी आवजो" म्हणाला. पुन्हा या! आम्ही त्याच दुकानात दुपारी परत गेलो, आणि वरबापांनी तो शालू सकाळच्यापेक्षा वरच्या भावाने घेतला.

चौथा एक नियम आहे, तो माझा स्वतःचा. गादीवर बारा बायका बसलेल्या असतात आणि सगळ्या बोलत असतात, नवरी सोडून. तिच्यासाठी शालू घ्यायचा असतो, पण तिला कोणी विचारत नाही. अशा वेळी मी नवरीच्या हाताकडे बघते. तोंडाने ती "चालेल" म्हणते. पण हात एखाद्या साडीच्या काठावरून पुन्हा एकदा फिरतो. मी त्या साडीचा भाव करते. माझ्या बस्त्यातल्या नवऱ्या लग्नाच्या फोटोत बऱ्या दिसतात, त्याचं कारण हे आहे. लोक म्हणतात मावशीची नजर चांगली.

आता माझी तक्रार. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

लग्न झालं की वर्ष-दोन वर्षांत त्याच घरातून सातव्या महिन्याच्या ओटीची साडी घ्यायला बोलावणं येतं. हिरवी साडी मी निवडायची, भाव मी करायचा. कार्यक्रमालाही बोलावतात, मी माणूसघाणी नाही, जाते. पण पाटावर पोटुशीला बसवलं, सवाष्णी पुढे आल्या, ओटी भरायची वेळ झाली, की घरातलं कोणीतरी माझ्याकडे वळून फार गोड आवाजात म्हणतं, "मावशी, जरा भाजीकडे बघता का?" नवरा होता तेव्हाही हेच म्हणायचे, म्हणजे सवाष्णीचा प्रश्न नव्हता. मला तीनदा दिवस राहिले आणि तिन्ही वेळा पोट पडलं. असल्या बाईची सावली ओटीवर नको, हे तोंडाने कोणी म्हणत नाही. भाजीचं नाव करतात. सुरतेतल्या किती घरांची भाजी मी बघितली आहे! एकही करपलेली नव्हती.

माझ्या शेजारच्या इंदूबाईंनी तर त्यांच्या मोठ्या मुलीच्या ओटीला मला दोनदा स्वयंपाकघरात पाठवलं. एकदा भाजीसाठी, आणि मी लवकर परत आले म्हणून दुसऱ्यांदा कढीसाठी.

तर त्याच इंदूबाई गेल्याच्या गेल्या वर्षी नवरात्रात माझ्या दारात उभ्या. त्यांचा मुलगा भूषण पांडेसऱ्यात डाइंग मिलमध्ये रंगखात्यात आहे. सून वैशाली एका एम्ब्रॉयडरीवाल्याकडे कॉम्प्युटरवर साड्यांच्या डिझाइनचं काम करते. तिच्या लग्नाचा बस्ता मीच बांधला होता. मोरपिशी शालूवरून तिचा हात फिरला होता, मला अजून आठवतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिला दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात गेलं. परत राहिले. या वेळी पाचवा लागला होता, सगळ्यांनी जरा श्वास सोडला होता, आणि ऐन आषाढात तेही गेलं. त्याला जेमतेम तीन महिने झाले होते.

"चाल, वराछाले जानं शे," इंदूबाई म्हणाल्या. आम्ही घरी अहिराणीच बोलतो, बाकीच्यांचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते. "तठे टेस्ट ट्यूबना मोठा दवाखाना शे. दसरालगून ऑफर शे. तू भाव कर. तुना तोंडले कोनी दुकानदार पुरत नही."

मी म्हटलं, "इंदूबाई, दवाखान्यात कुठे भाव करतात?"

"ऑफर लावतस, मंग भाव बी करतीन."

जिथे ऑफर आहे तिथे भाव आहे, हे खरं. मनात मात्र एक विचार आला की ओटीला मी चालत नाही आणि भावाला चालते. तो विचार मी बाजूला ठेवला, कारण दुसरा एक विचार त्याच्यापेक्षा मोठा होता. माझ्या वेळी मला कोणी दवाखान्यात नेलंच नव्हतं. सासूने भगताकडे नेलं, नवरा म्हणायचा पुढच्या वेळी राहील. माझ्या हातात स्वतःचा पैसा आला तेव्हा मी एकटी एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी माझं वय विचारलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "बेन, थोडं आधी आला असतात तर." ते "थोडं आधी" मी अजून घेऊन फिरते. म्हणून वैशालीच्या बाबतीत माझं मत पक्कं होतं. उशीर नको. मी चपला घातल्या.

दवाखाना एखाद्या शोरूमसारखा होता. भिंतीवर गोरी, निळ्या डोळ्यांची बाळं लावली होती. सुरतेत अशी बाळं मी तरी बघितलेली नाहीत, पण साडीच्या बॉक्सवरची बाई तरी कुठे आपल्यासारखी असते? आम्ही चौघं गेलो होतो. भूषण आईच्या शेजारी बसला, वैशाली टोकाच्या खुर्चीवर. टेबलामागे हेतल नावाची मुलगी होती. डॉक्टरांना भेटण्याआधी पॅकेज समजावून सांगणं हे तिचं काम. मुलगी चांगली होती, गोड बोलत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि ओळखलं, ही आपल्याच धंद्यातली.

तिने चहा मागवला. मी हाताने थांबवला.

"इंजेक्शनं यात धरली आहेत?"

"ए अलग, माशी."

"सोनोग्राफी?"

"पहिल्या दोन यात."

"आणि एकदा नाही जमलं तर दुसऱ्या वेळी परत सगळं पहिल्यापासून?"

"दुसऱ्या वेळी थोडं कमी करतो."

"थोडं म्हणजे? साडीवर ब्लाउजपीस देता तेवढं?"

हेतल हसली. "माशी, आ कंई साडी नथी."

"म्हणून तर विचारते," मी म्हटलं. "साडी बदलून मिळते."

ती मॅनेजरला बोलवायला गेली. तिथून पुढे मी काय केलं ते सविस्तर सांगत नाही, धंद्यातल्या लोकांना कळेल. आकडा तर सांगणारच नाही. एवढंच सांगते की मी योग्य क्षणी उठले, काचेच्या दारापर्यंत गेले, हँडलला हात लावला, आणि मागून मॅनेजरची हाक आली. "माशी, आवो ने पाछा!" इंजेक्शनं आत आली, सगळ्या सोनोग्राफ्या आत आल्या, दुसऱ्या वेळचा भाव अर्ध्यावर आला. इंदूबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं तशी नजर मला त्यांच्याकडून आयुष्यात मिळाली नव्हती. मी तेव्हा कुठे चहा प्यायले.

मग आत डॉक्टरांकडे गेलो. पन्नाशीच्या बाई, बोलणं हळू. आमचा सौदा झाल्याची चिठ्ठी त्यांच्यासमोर होती. त्यांनी ती बाजूला सरकवली आणि वैशालीला विचारलं, "दिवस राहायला त्रास झाला का?"

"नाही," वैशाली म्हणाली. "दोन्ही वेळा लगेच राहिले."

"मग हे कशासाठी घेताय?"

इंदूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. डॉक्टर म्हणाल्या, "हे बघा, बाहेर जे पॅकेज ठरलं ते मुख्यतः दिवस राहात नाहीत त्यांच्यासाठी असतं. तुम्हाला राहतात, टिकत नाहीत. ते का टिकत नाहीत हे आधी शोधू या. दोनदा झालंय, म्हणजे शोधायलाच हवं. थायरॉइड, साखर, रक्ताच्या काही तपासण्या, गर्भाशयाची रचना. दोघांच्याही तपासण्या."

"माझ्यापण?" भूषण म्हणाला.

"बाळ दोघांचं ना?"

"मना पोऱ्याले काय व्हयेल शे?" इंदूबाई पुटपुटल्या. म्हणजे माझ्या मुलाला काय झालंय! डॉक्टरांना अहिराणी कळत नसावी, पण आईचा सूर कळला. त्या नुसत्या हसल्या.

"कारण सापडलं तर त्याचा इलाज करू," त्या म्हणाल्या. "कधी कधी कारण सापडतच नाही, तेही आत्ताच सांगून ठेवते. आणि उपचार कधी सुरू करायचे?"

"आत्तेच," इंदूबाई म्हणाल्या.

"मी त्यांना विचारलं."

सगळ्यांनी वैशालीकडे बघितलं. मी सवयीने तिच्या हाताकडे बघितलं. दोन्ही हात तिने ओढणीत गुंडाळून पोटाशी धरले होते, आणि मुठी घट्ट. गादीवर बसलेल्या नवरीचे हात असे कधी बघितले नव्हते. कुठल्याही साडीवर ते फिरणार नव्हते.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

"हेही उत्तर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तपासण्या आत्ता करून घ्या, त्या लांबवू नका. तुमचं वय बघता थोडं थांबायला हरकत नाही. फार वर्षं घालवू नका, पण थांबलात म्हणून बिघडणार नाही. शरीर तसं लवकर सावरतं. मनाचं तुमचं तुम्हाला कळेल."

आम्ही बाहेर आलो. माझा संताप मला आवरेना. मी आयुष्यात केलेला सगळ्यात उत्तम सौदा, आणि दुकानाची मालकीणच म्हणते आत्ता घेऊ नका! असा कुठे धंदा असतो? हेतल म्हणाली, "माशी, ओफर दसऱ्यापर्यंत आहे, विचार करा." मला तिची कीव आली. असल्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली तिचा धंदा व्हायचा कसा?

रिक्षात इंदूबाई म्हणाल्या, दुसरीकडे जाऊ, ही बाई कामाची नाही. आणि मी, डॉक्टरांवर चिडलेली, त्यांच्या बाजूने बोलले. वैशालीला म्हटलं, "पोरी, वेळ गेल्यावर दुकान बंद होतं. मला विचार. मी बंद दुकानापुढे उभी राहिलेली बाई आहे."

वैशाली रस्त्याकडे बघत होती. म्हणाली, "मावशी, तुम्ही भाव चांगला केलात."

"मग?"

"काय घ्यायचंय ते मला कोणी विचारलं?"

"तिले काय इचारनं?" इंदूबाई फाटकन म्हणाल्या. "पोर नको व्हय तिले?"

"पाहिजे," वैशाली म्हणाली. "पण जे गेलं त्याचं मी अजून कोणाशी बोललेपण नाही. घरात कोणी नाव काढत नाही. तुम्ही म्हणालात दसऱ्याच्या आत दुसरं आणू. फुटलेल्या कपाच्या जागी कप आणतात तसं." मग तिने भूषणकडे बघितलं. "आणि तुम्ही तर काहीच म्हणत नाही."

भूषण म्हणाला, "आई म्हणते तसं..." आणि पुढचं त्यालाच म्हणवेना.

गोडादऱ्याला उतरलो. रिक्षावाल्याने मीटरपेक्षा जास्त मागितले आणि मी दिले. तो घाबरून माझ्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैशाली माझ्याकडे आली. मला वाटलं माफी मागायला आली. माफीबिफी काही नाही. खाली बसली आणि म्हणाली, "मावशी, दुकानातून उठायची वेळ तुम्हाला कशी कळते?"

मी सांगितलं. लवकर उठलं तर हाक येत नाही, उशिरा उठलं तर किंमत राहत नाही.

"तुमच्या वेळी उशीर झाला."

"झाला."

"मला आत्ता लवकर होतंय. तपासण्या मी उद्याच करते, त्यात मला काय ते कळू तरी दे. पण पुढचं मी म्हणेन तेव्हा. पुढच्या नवरात्रापर्यंत मला कोणी काही विचारायचं नाही. तोवर आपोआप दिवस राहिले तर ठीक. नाही राहिले तर मी स्वतः म्हणेन, चला. एवढं माझं सासूबाईंकडून घेऊन द्या. माझ्याने त्यांच्याशी भाव होत नाही."

मी म्हटलं, "आणि मला काय?" गंमत म्हणून म्हटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, "बघू."

इंदूबाईंशी मी जो भाव केला, तसा मार्केटात कधी करावा लागला नाही. मार्केटात समोरच्याला माल विकायचा असतो. इथे समोरच्या बाईला काही विकायचं नव्हतं, तिला नातू हवा होता, आणि माझ्याकडे द्यायला फक्त वेळ होता, तोही दुसऱ्याचा. त्या दिवाळीवर अडून बसल्या. मी पुढच्या नवरात्रावर. त्या संक्रांतीला आल्या. मी हलले नाही. भूषणच्या तपासणीवरून तर त्या एवढ्या भडकल्या की गल्लीतल्या बायका दारात आल्या. मीही काही कमी आवाजाची नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "तुले काय कळस पोरनं?" तुला काय कळतं मुलाबाळांचं!

मी उठले. या वेळी क्षण वगैरे बघून उठले नव्हते. खरोखरच उठले होते. पायरी उतरले, चपला घातल्या, गल्लीच्या वळणापर्यंत गेले.

मागून आवाज आला, "बठ वं, चहा ते पी."

मी वळून बघितलं. इंदूबाई पायरीवर उभ्या होत्या आणि डोळ्यांना पदर लावला होता. मी परत गेले. चहा प्यायले. आमच्यात चहा सौदा ठरल्यावरच पितात, हे त्यांना माहीत होतं.

तपासण्या झाल्या. भूषणचं सगळं ठीक निघालं, आणि इंदूबाईंनी ते गल्लीभर सांगितलं. वैशालीच्या गर्भाशयात जन्मापासूनच एक पडदा होता, त्यामुळे पोटातल्याला जागा पुरत नसावी, असं डॉक्टर म्हणाल्या. दुर्बिणीतून छोटीशी शस्त्रक्रिया करून तो काढला. मी त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ बसून राहिले. माझ्यातही असाच काही पडदा होता की काय, हे आता कोण सांगणार? कोणी बघितलंच नाही. भगताला पडदा दिसत नाही.

मग वर्ष गेलं. शब्द दिल्याप्रमाणे कोणी काही विचारलं नाही. इंदूबाईंना किती जड गेलं हे मला माहीत आहे, कारण जे त्या सुनेला विचारत नव्हत्या ते रोज मला विचारत होत्या. भूषण मात्र बदलला. एका रविवारी दोघं तापीवर गेले आणि आषाढात जे गेलं त्याच्यासाठी घेतलेलं झबलं नदीत सोडून आले. कोणी सांगितलं नव्हतं, कुठला विधी नव्हता. परत आले तेव्हा भूषणचे डोळे सुजले होते, वैशालीचे नाही.

नवरात्र आलं आणि दिवस काही राहिले नव्हते. आठव्या माळेला वैशाली माझ्या दारात आली. नवीन ड्रेस, पर्स खांद्याला.

"मावशी, चला. आता मला पाहिजे."

आम्ही दोघीच निघालो, भूषण मिलमधून परस्पर येणार होता. भिंतीवरची निळ्या डोळ्यांची बाळं होती तिथेच होती. हेतलही होती. मला बघून तिने चहा सांगितलाच नाही, शहाणी मुलगी. मी म्हटलं, गेल्या वर्षी आपलं ठरलं होतं त्याचं काय?

"माशी, ए ओफर तो पूरी थई गई."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात वैशालीने माझ्या हातावर हात ठेवला. मी तिच्या हाताकडे बघितलं. मूठ सुटलेली होती. जिला खरंच घ्यायचं असतं तिचा हात कसा असतो, ते मला कळतं. आणि घ्यायचं आहे हे दुकानदारासमोर असं दाखवलं की भाव करायला काही उरत नाही, हेही मला कळतं. मी तोंड मिटलं. माझ्या आयुष्यातला तो एकमेव दिवस.

डॉक्टरांनी पुन्हा चिठ्ठी बाजूला सरकवली. आधी साधे उपचार करू, म्हणाल्या, गोळ्या, वेळेवर सोनोग्राफी, त्यातून नाही झालं तर मोठ्याकडे वळू. ही बाई धंदा कधी शिकणार आहे, देव जाणे! आणि तिच्याकडे गर्दी मात्र मार्केटातल्या कुठल्याही दुकानापेक्षा जास्त असते.

त्या साध्यानेच झालं. पहिल्या वेळी नाही, होळीच्या सुमारास. कोणी पेढे वाटले नाहीत. तिसरा महिना गेला, पाचवा गेला, घरातले सगळे हातात काचेचं सामान असल्यासारखे हळूहळू चालत होते. सातवा लागला तेव्हा इंदूबाई म्हणाल्या, कार्यक्रम नको, नजर लागेल. वैशाली म्हणाली, कार्यक्रम करायचा, घरातल्या घरात.

साडी मला निवडू दिली नाही. वैशालीने फोनवरून मागवली. हिरवी होती, पण काठ बघूनच मी सांगितलं की पहिल्या धुण्यात रंग सोडणार. कोणी ऐकलं नाही. मी तोंड पाडून कोपऱ्यात बसले. बायका जमल्या, वैशाली पाटावर बसली, इंदूबाईंनी नारळ, खण, तांदूळ ताटात काढले. आता कोणीतरी माझ्याकडे वळणार, हे मला ठाऊक होतं. त्या गोड आवाजाची वाट कशाला बघायची? मी आपणच उठले आणि स्वयंपाकघराकडे वळले.

"मावशी, कुठे?" वैशाली पाटावरून म्हणाली.

"भाजीकडे बघते."

"भाजी नाहीये. आज चूलच नाही पेटवली. सगळं जेवण बाहेरून मागवलंय."

मी स्वयंपाकघरात डोकावले. खरंच, शेगडी कोरडी होती. ओट्यावर केटररचे डबे, झाकणं घट्ट. बघण्यासारखं काही नव्हतं. मागे वळले तर इंदूबाई हातात ताट घेऊन उभ्या. माझ्याकडे न बघता ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "भर, वं. तुनाशिवाय पोर उठावं नही म्हनस." तुझ्याशिवाय वैशाली पाटावरून उठणार नाही म्हणते!

मी ओटी भरली. ताट जड होतं. तांदूळ तिच्या पदरात पडले, नारळ पडला. वैशालीने माझा हात पकडला आणि सगळ्यांसमोर आपल्या पोटावर ठेवला. आतून लाथ बसली. चांगलीच जोरात. पोर भांडखोर निघणार.

मग मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी इंदूबाईंकडे वळले आणि विचारलं, "हे जेवण कोणाकडून आणलं? काय भावाने?"

त्यांनी सांगितलं.

"एवढे?" मी म्हटलं. "आणि मला विचारायला तुमच्या तोंडाला काय झालं होतं?"